हे खरं कशावरून?

मुलांनो, मृगाचा पाऊस तोंडावर आला की आमच्या नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या गटात एक संदेश न चुकता येतो. ‘साप चावल्यास काय कराल?’ खाली चार सूचना: जखमेच्या वर दोरी करकचून आवळा, ब्लेडने चीर द्या, रक्त तोंडाने ओढून थुंका, आणि दातांच्या दोन खुणा दिसत नसतील तर साप बिनविषारी, खुशाल झोपा! शेवटी ‘एक जीव वाचवा, सर्वांना पाठवा’. आता एवढं पुण्याचं काम कोण टाळील? काकांकडून आत्याकडे, आत्याकडून शेजाऱ्यांकडे, असा तो गावभर फिरतो.

यंदा मात्र माझ्या आठवीतल्या भाचीने विचारलं, “मामा, हे खरं कशावरून?”

प्रश्न साधा, पण लाखमोलाचा! म्हणून रविवारी आम्ही दोघं इंटरनेटवर शोधायला बसलो. शोधायला क्षणही लागला नाही. खरं काम होतं निवडण्याचं, तांदळातले खडे वेचावे तसं. पहिलाच व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलेला. एक गृहस्थ कसलीशी मुळी दाखवून ‘दहा मिनिटांत विष उतरतं’ म्हणत होते आणि खाली मुळीची किंमत व फोन नंबर! गर्दी काय, माकडाच्या खेळालाही जमते. दुसऱ्या लेखावर ना लेखकाचं नाव, ना तारीख. हल्ली यंत्राने तयार केलेलं उत्तरही सर्वांत वर झळकतं. भाषा कशी गुळगुळीत! पण ते कुठून घेतलं, हे उघडून पाहिल्याशिवाय त्यावरही विसंबू नये.

मग आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले. कोण सांगतंय? कधी सांगितलं? कशावरून सांगतंय? आणि सांगण्यात त्याचा फायदा काय?

या चाळणीतून जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका पार पडली. आपल्या भागातल्या देशांसाठी ती 2016 साली निघाली. कुठल्या संशोधनाच्या आधारे काय म्हटलंय, हे तिच्यात दिलेलं आहे आणि विकायला काहीच नाही! तरी एकाच ठिकाणी थांबायचं नाही, म्हणून आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शिकाही पाहिली. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, ही ओळखीची खूण लक्षात ठेवा. दोन्हींचं म्हणणं जुळलं.

आणि काय निघालं माहीत आहे? त्या संदेशातली एकही सूचना बरोबर नव्हती! दोरी आवळली तर रक्तपुरवठा थांबून हातापायाला इजा होते. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; तिथे चीर दिली तर रक्त वाहतच राहतं. तोंडाने ओढून विष निघत नाही. सगळ्यांत घातक ती दोन खुणांची गोष्ट. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा खूण दिसत नाही, फारसं दुखत नाही, सूजही नसते. काही वेळाने पापण्या जड होतात, मग श्वास घेणं कठीण होतं. ‘खुणा नाहीत’ म्हणून तो माणूस पुन्हा झोपला तर?

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने दगावली. म्हणजे खोटा संदेश ही काही नुसती गंमत नाही.

मग करायचं काय? धीर द्यायचा. अंगठी, बांगड्या काढायच्या. हाड मोडल्यावर ठेवतो तसा तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. सापामागे धावायचं नाही, भगताकडे वेळ दवडायचा नाही. विषावर खरा उतारा एकच, प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन.

आणखी एक. साप चावल्यावर मोबाइलमध्ये उत्तर शोधत बसायचं नसतं! तेव्हा 108 लावायचा. शोधाशोध करायची ती आज, निवांतपणी. भाचीने तेच केलं. वडिलांकडून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करवून ‘इंजेक्शन आहे ना?’ ही चौकशी केली आणि दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले.

हे चार प्रश्न फक्त सापापुरते नाहीत हं! उंची वाढवणारी पावडर, आठ दिवसांत मुरुम घालवणारं मलम, तापावरचा ‘रामबाण’ काढा, सगळ्यांना ते विचारा. चांगली माहिती वाचली म्हणून आपण डॉक्टर होत नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं, हे नीट कळतं.

आणि घरातल्या मोठ्यांनी असा संदेश पाठवला तर? ‘तुमचं चुकलं’ म्हणून त्यांना दुखवायचं कशाला? ‘आजोबा, हे कशावरून ते आपण दोघं मिळून बघू या का?’ असं म्हणा. आई-बाबांनो, मुलांनी असं विचारलं तर रागावू नका, शेजारी बसा. पाऊस सुरू होण्यापूर्वी तुमच्या दारावर कोणते दोन नंबर लागतील, सांगा पाहू?