दिंद्रुडहून पासपोर्टच्या वाटेवर

परदेशाची वाटही दिंद्रुडच्या फाट्यावरूनच निघते. तेलगाव, वडवणी मागे टाकीत एस.टी. बीडला पोचते, पासपोर्टचे काम तिथल्या मोठ्या पोस्टात होते. आधी संगणकावर अर्ज करून १५०० रुपये भरावेत नि तारीख घ्यावी. पोलीस चौकशी दिंद्रुडच्या ठाण्यातून होते.

घोडे अडते जन्मतारखेपाशी. ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेल्या कितीकांची तारीख गुरुजींनी १ जून लिहिली. अंदाजाची असली तरी सगळ्या कागदांवर तीच असू द्या. शाळेचा दाखला चालतो. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना जन्माचा दाखलाच लागणार. म्हणून बाळ परमुलखात, फडावर जन्मले, तरी तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद केल्याशिवाय गाडी जुंपू नका.