चीज, कांदा आणि मधली सीमा

जो मर्फीला वेफर्स फार आवडत आणि तितकेच बेचवही वाटत. त्या काळी पुडीत निळ्या कागदाची चिमुकली पुरचुंडी असे, तिच्यात मीठ. ती शोधायची, उलगडायची, मीठ भुरभुरायचं आणि पुडी हलवायची. चव आणायचं काम गिऱ्हाइकाचंच! १९५४ साली मर्फीनं डब्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. एक व्हॅन, आठ माणसं. त्याचा सहकारी शेमस बर्क टेबलावर मसाले मांडून खटपट करत राहिला आणि त्यातून चीज-कांद्याची चव निघाली. (आपल्याकडच्या उपासाच्या वेफर्सना त्या कांद्याचा वारा लागला असता, तर उपास तिथंच मोडला असता.) वेफर्सचं नाव टेटो.

खरं सांगायचं, तर या चवीत खास आयर्लंडचं म्हणावं असं काही नाही. चीज काय, कांदा काय, सगळीकडेच मिळतात. खास तिथला आहे तो बटाटा, आणि त्याची आठवण काही गोड नाही. १८४५ पासून सलग काही वर्षं पिकावर करपा पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली आणि निदान तितकीच जहाजांत चढून देशोधडीला लागली. आज त्याच देशातली मुलं सिडनीला, बॉस्टनला जातात तेव्हा घरून टेटोची पाकिटं मागवतात. पावाच्या दोन कापांना लोणी फासायचं, मधे वेफर्स पसरायचे आणि तळव्यानं दाबायचं. कर्रर्र आवाज आला की सँडविच तयार. २०१५ मध्ये एअर लिंगस या आयरिश विमान कंपनीनं हे सँडविच विमानात विकायला ठेवलं. याला पाककृती म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण परतीच्या प्रवासातल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

गंमत पुढेच आहे. १९५६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या हचिन्सन कुटुंबानं मर्फीकडून नाव आणि कृती वापरायची परवानगी घेतली आणि आर्मा परगण्यातल्या टॅन्डरगी गावच्या किल्ल्यात वेफर्स तळायला सुरुवात केली. किल्ल्यात! तेव्हापासून टेटो दोन झाले. उत्तरेचं पाकीट पिवळं, दक्षिणेचं लाल-निळं. नाव एक, कंपन्या वेगळ्या, चवीतही फरक. उत्तरेचा टेटो अजून हचिन्सन घराण्याकडेच आहे. दक्षिणेचा, ज्याच्यासाठी परदेशातली मुलं जीव टाकतात, तो आता एका जर्मन कंपनीच्या मालकीचा आहे. मुलांना त्याचं सोयरसुतक नाही. मालक कुठलाही असो, पाकीट फोडल्यावर येणारा वास डब्लिनचाच.

आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या सीमेवर आज ना चौकी, ना झडती. पण अर्ध्या तासाच्या गाडीच्या प्रवासात दुकानातल्या फळीचा रंग पालटतो. खरा टेटो कुठला, हे सीमेच्या दोन बाजूंच्या दोघांना एकत्र बसवून विचारून पाहा. दोघंही आपापलं पाकीट पुढे करतील, आणि दुसऱ्याचा वेफर चाखल्यावर नाक मुरडायला कुणीच विसरणार नाही.