नाकेदाराची काठी

आमच्या गावच्या नाकेदारांकडे, म्हणजे वनरक्षकांकडे, बंदूक नव्हती. बांबूची एक काठी होती, खाली लोखंडी टोपण बसवलेली, आणि खांद्याला खाकी पिशवी. बुलढाणा जिल्ह्यात बोथ्याकडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. वरून येणाऱ्या पायवाटेवर दगडाला लागलेल्या त्या टोपणाचा आवाज आला की मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया भार सावरत कडेला उभ्या राहत. आजीचा पदर धरून मीही त्यांच्यात असे.

नाकेदार मोळीत काठीचं टोक खुपसून पाहत. सगळं वाळलेलं असेल तर काही बोलत नसत. ओली फांदी सापडली की मात्र थांबत.

"माय, वाळलं ने, कोनी नाई म्हनत नाई. वल्लं दिसलं तं मोळी इथीच राह्यन. हे जंगल तुह्या बापाचं नाई, अन् माह्याबी बापाचं नाई."

आजी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. "मंग कोनाच्या बापाचं हाय?"

"सऱ्याइचं हाय. म्हनून तं मले ठेवलं."

पुढे नागरिकशास्त्र शिकले, आता शिकवते, पण सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय हे मला त्या पायवाटेवर जितकं नीट कळलं तितकं कुठल्याच धड्यातून कळलं नाही. घराला राखणदार लागतो तो घरधनी एकटा असतो म्हणून. जंगलाला लागतो तो घरधनी लाखो असतात म्हणून. प्रत्येकाचं आहे, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, एक ओली फांदी नेली तर काय बिघडलं.

त्यांच्या खाकी पिशवीत एक लहान हातोडा असे. चोरून तोडलेल्या सागाचा खुंट सापडला की ते त्याचा घेर मोजत, खुंटावर हातोड्याने शिक्का ठोकत, मग मांडी घालून बसून गुन्ह्याच्या पुस्तकात नोंद करत. चोर केव्हाच निघून गेलेला असे. तरी ते लिहीत. लिहिलं नाही तर ते झाड होतंच असं कुणी म्हणणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९२७चा भारतीय वन कायदा वनाधिकाऱ्याला ठरावीक गुन्ह्यांत वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार देतो, हे मी फार पुढे वाचलं. कागदावर तो मोठा अधिकार आहे. रात्रीच्या जंगलात कुऱ्हाडी घेतलेल्या पाच-सहा माणसांसमोर एकटा उभा असलेल्या माणसाच्या हातात त्यातलं किती उरतं, ते तो माणूसच जाणे. एका पावसाळ्यात आमचे नाकेदार बरेच दिवस दिसले नाहीत. आले तेव्हा भुवईवर टाके होते. कुणी विचारलं तर "घसरलो" म्हणायचे. गावात कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

तेव्हा ते जंगल अभयारण्य नव्हतं. ज्ञानगंगा अभयारण्य जाहीर झालं १९९७ साली. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे शुष्क पानझडीचं रान. साग, सालई, धावडा, अंजन, टेंभुर्णी. उन्हाळ्यात सगळं करड्या रंगाचं होतं आणि परगावचे पाहुणे विचारतात, यात राखायचं काय? राखायची ती बिबटी, नीलगाई, चिंकारा, आणि आमच्या भागाची खरी ओळख असलेली अस्वलं.

काठीचा खरा उपयोग मला अस्वलांमुळे समजला. बाहेरच्यांना वाटतं, काठी मारायला असते. अस्वलाची नजर बेताची. ते मोह खाण्यात किंवा वारूळ उकरण्यात गुंग असतं, आणि माणूस अचानक पुढ्यात आला की घाबरून अंगावर येतं. म्हणून वळण घेण्याआधी गार्ड काठी दगडावर वाजवतात, खोकतात, मोठ्याने बोलतात. मी येतोय, तू बाजूला हो, एवढाच निरोप. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी एकदा ज्ञानगंगेत मचाणावर रात्र काढली, तेव्हा सोबतचा तरुण गार्ड पहाटे खाली उतरून पाणवठ्याकडे असाच काठी वाजवत गेला. पाणी किती उतरलं ते पाहायचं होतं. रात्रभर चंद्रप्रकाशात आम्ही हौशी मंडळी नीलगाई मोजत होतो. उजाडल्यावर आम्ही चहा शोधायला निघालो आणि तो त्याच्या बीटवर, म्हणजे त्याच्या वाट्याच्या जंगलात. आमची गणना संपली होती, त्याचा दिवस सुरू होत होता.

डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरातला टी१सी१. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट जगाला कळली. तेलंगणात जाऊन, नांदेड, हिंगोलीची शेतशिवारं ओलांडून, तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तो आमच्या डोंगरात पोचला. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्याचे नकाशे काढले, कोण म्हणालं तो बायको शोधतोय, कोण म्हणालं पाणी. इतक्या पिढ्यांनी आमच्या डोंगरात वाघ आला होता, आनंद खराच होता, माझाही. पण त्याच दिवसांत पायाचे ठसे पाहत, मारलेल्या जनावरांचे पंचनामे करत, गावकऱ्यांना शांत करत जी माणसं दिवसरात्र हिंडत होती, त्यांचं नाव वर्गात एकालाही माहीत नव्हतं. वाघाचा नंबर पाठ होता. गार्डचं नाव कुणी विचारलंही नव्हतं.

हे मला टोचलं, पण खोल गेलं नाही. ते गेलं २० नोव्हेंबर २०२१ला.

त्या शनिवारी सकाळी चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा भागात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन वनमजुरांना घेऊन निघाल्या. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तिच्या पहिल्या टप्प्याचं काम होतं. पूर्वी काचेवर ठसा उतरवून, प्लास्टर ओतून वाघ मोजत. तो काळ गेला. आता कॅमेरा ट्रॅप आहेत, संगणक आहेत, मोबाइलमधलं ॲप आहे. तरी पहिला टप्पा अजून पायांचाच आहे. वनरक्षकाने आपल्या बीटमध्ये तीन दिवस रोज पाच किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा टिपायच्या, ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. मग आणखी तीन दिवस ठरलेल्या सरळ रेषेवर चालून हरणं, सांबर मोजायचे. यंत्र जिथे पोचत नाही तिथे माणसाने जायचं.

कोलारा गेटपासून सुमारे चार किलोमीटर आत, कक्ष क्रमांक ९७ मध्ये, त्यांना रस्त्यात वाघीण दिसली, साधारण दोनशे मीटरवर. ते चौघं थांबले. जवळपास अर्धा तास थांबले.

या अर्ध्या तासापाशी मी पुनःपुन्हा येते. बातम्यांमध्ये तो एका वाक्यात आटोपला. त्यात घाई नव्हती, धाडसाचा सोस नव्हता. वाघिणीचं रान आहे, तिला जायला वेळ द्यायचा, हे या कामातलं शहाणपण त्या पाळत होत्या. काम त्या दिवशीच व्हायचं होतं, ऊन वर येत होतं, तरी त्या उभ्या राहिल्या. वाघीण हलली नाही तेव्हा त्यांनी वाट सोडून दाट झाडीतून वळसा घ्यायचं ठरवलं. वाघीण मागून आली. तिघे मजूर पुढे होते, स्वाती मागे. वाघिणीने त्यांना पकडून झाडीत ओढत नेलं. शोध घेतल्यावर मृतदेह सापडला. ताडोबातली पायी गणना त्यानंतर थांबवण्यात आली.

त्या वाघिणीचं नाव माया, नंबर टी-१२. ताडोबाला गेलेला प्रत्येक जण ते नाव जाणत होता. पांढरपौनीच्या पाण्याकाठी बछड्यांसह बसलेली माया किती कॅमेऱ्यांत आहे याची मोजदाद नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीतले लोक बोलले ते असं: मायाने एका गार्डला मारलं. मायाला नाव होतं, गार्ड 'एक' होती. पुढे ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसेनाशी झाली तेव्हा तिच्यासाठी जंगल धुंडाळलं गेलं, हाडं सापडली, डीएनए तपासणीतून ती मायाचीच असल्याचं निष्पन्न झालं, आणि हळहळ व्यक्त करणारे लेख आले. ती हळहळ मला खोटी वाटत नाही. वाघिणीचा काही दोषही नाही, ती तिच्या रानात होती. मला दुःख इतकंच आहे की वाघिणीचं आयुष्य आपल्याला पिढीसकट पाठ आहे आणि तिचं रान राखणाऱ्या बाईचं आडनाव आठवायला दोन मिनिटं लागतात.

२०२१ हे वर्ष मार्चमध्येही वाईट गेलं होतं. बुलढाण्याच्या उत्तर टोकाला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. त्याच मेळघाटात, हरिसालला, वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. लाकूडतस्करांना धाक बसवणारी बाई होती ती. तिने लिहून ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. आठ महिन्यांत विदर्भाच्या जंगलाने खाकीतल्या दोन बायका गमावल्या, एक वाघाने, एक माणसांच्या वागण्याने. दोन्ही मृत्यूंना एकच शब्द वापरायला माझं मन धजत नाही. वाघापासून जपण्याचे नियम करता येतात. दुसऱ्याचे नियम आधीपासून असतात, ते पाळले जात नाहीत.

९ एप्रिल २०२३ला म्हैसूरला व्याघ्रगणनेचा आकडा जाहीर झाला. देशात किमान ३,१६७ वाघ. जुलैमध्ये सविस्तर अहवाल आला, सरासरी अंदाज ३,६८२, त्यात महाराष्ट्राचे ४४४. सगळीकडे अभिनंदन झालं, पेढ्यांसारखे आकडे वाटले गेले. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: या गणनेसाठी वनकर्मचारी सहा लाख चाळीस हजारांहून अधिक किलोमीटर पायी चालले. कोलारा गेटपासूनचे ते चार किलोमीटर याच चालण्याचा तुकडा. वाघांचा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा त्याच्या शेजारी हा दुसराही लिहिला. आधी पोरांना वाटलं, हा वॉकरचा प्रवास आहे.

११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन शहीद दिन. केंद्राने २०१३ मध्ये तो ठरवला, मागे १७३०ची खेजडलीची कथा आहे. जोधपूरजवळच्या त्या गावात राजाच्या माणसांपासून खेजडीची झाडं वाचवायला अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली, आणि तिच्यासह ३६३ बिश्नोई माणसं मारली गेली. त्यांच्यापाशीही शस्त्रं नव्हती. त्या दिवशी आता मी शाळेत अमृतादेवीची गोष्ट सांगते. मग १९९१ मध्ये चंदनतस्कर वीरप्पनने दगा देऊन मारलेले भारतीय वनसेवेतले अधिकारी पी. श्रीनिवास, ज्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. मग स्वाती ढुमणे. पोरं पहिल्या दोन गोष्टी कथेसारख्या ऐकतात. तिसरीला वर्गात चुळबुळ थांबते, कारण चंद्रपूर त्यांना माहीत आहे. कुणाची मावशी तिकडे दिलेली असते.

आमच्याकडे वनरक्षक भरतीचं वेड मोठं आहे. जाहिरात निघाली की बुलढाण्याच्या रस्त्यांवर पहाटे पोरंपोरी धावताना दिसतात. मुलींना तीन किलोमीटर धावायचं असतं, आणि चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं असतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यासाठी तयारी करते आहे. बाप शेतमजूर, घरात सरकारी नोकरी अजून कुणी पाहिलेली नाही. तिने स्वाती ढुमणेंबद्दल माझ्याच वर्गात ऐकलं होतं, म्हणून मी तिला विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते नं, मॅडम," ती म्हणाली. "पन जंगल आपल्याच दारी हाय. दुसरं कोन येईन?" मग जरा थांबून तिने विचारलं, "ते चौघं होते, बरोबर? तिघं पुढं अन् मॅडम मागं. मंग कोन पुढं चालाचं, कोन मागं, वाघ हलला नाई तं माघारी फिराचं का वळसा घ्याचा, हे कुठी लिहून ठेवलेलं असते का? का जाऊनच शिका लागते?"

प्रश्न तिचा आहे आणि तो भरतीच्या अर्जात विचारायला जागा नाही, म्हणून मी तो इथे लिहिते आहे. येत्या तुकडीला प्रशिक्षण देणाऱ्यांनी तिला त्याचं उत्तर पहिल्या दिवशी द्यावं, बीट हाती देण्याआधी.