बाळंतपणानंतरची केसगळती
बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके येऊ लागले की घरोघरी दोष पाण्याला, शाम्पूला, क्वचित नजरेलाही दिला जातो. वास्तविक गरोदरपणी वाढलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे जे केस गळायचे थांबलेले असतात, ते प्रसूतीनंतर त्याची पातळी उतरताच एकदम विश्रांतीच्या अवस्थेत, म्हणजे वाढ थांबून गळण्यापूर्वीच्या टप्प्यात, जातात आणि काही महिन्यांनी झडतात. माका किंवा जास्वंद घालून उकळलेले खोबरेल केसांना मऊपणा देते (मालिशीचा विसावाही काही कमी नव्हे), परंतु त्याने ही गळती थांबते असे म्हणता येत नाही. त्यापेक्षा लोहयुक्त अळिवाचे लाडू अधिक शहाणपणाचे, कारण लोहाच्या कमतरतेनेही केस गळतात. बहुतेक स्त्रियांचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. तसे न झाल्यास हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.