चालती चांदणी

उन्हाळा लागला की आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात अंगणात खाटा पडत. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही आत टेकू देत नसत. माझी खाट बाबांच्या खाटेला लागून असे. एका रात्री त्यांनी बोट वर केलं. "थे पाय, चांदनी चालून रायली." एक ठिपका न लुकलुकता, न थांबता, सरळ वाटेनं निघाला होता. ओळखीच्या वाटेनं निघालेल्या पोरासारखा. "मानसाईनं सोडली हाये," बाबा म्हणाले. त्या रात्रीपासून आभाळात ती चालती चांदणी शोधायची मला सवय लागली, ती आजही सुटलेली नाही.

१९७९ च्या जुलैमध्ये मी सातवीत होतो. भाताच्या रोवणीचे दिवस होते आणि रेडिओवर रोज स्कायलॅबची बातमी. अमेरिकेचं ते अंतराळस्थानक, सत्याहत्तर टनांचं, खाली येणार होतं आणि कुठे पडेल ते कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. भाताच्या बांधीत वाकलेल्या बाया हातात रोपांची जुडी तशीच धरून मधेच आभाळाकडे बघत. ११ जुलैच्या रात्री ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडलं. सकाळी पुन्हा रोवणी सुरू झाली. गावाची भीती गेली. मला मात्र शाळेत कळलेली एक गोष्ट सोडेना: त्या स्कायलॅबमध्ये माणसं राहून आली होती. म्हणजे चालत्या चांदण्यांमध्ये एखादं घरही असतं.

मग एप्रिल १९८४ आला. राकेश शर्मा सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकात पोचले आणि जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहिले. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर जाऊन उभा राहायचो. कुठल्या दिशेला बघायचं, किती वाजता बघायचं, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. एकदा दक्षिणेला एक ठिपका सरकताना दिसला. तो सॅल्यूत होता की दुसरा कुठला उपग्रह, कोण जाणे. मी मात्र हात हलवला होता.

वेळ कळायला पुढे पंचवीस-तीस वर्षं जावी लागली. मुलगी शिकायला पुण्याला गेली. एका हिवाळी संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, अंगणात या. पश्चिमेला बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक माझ्या डोक्यावरून चाललंय." मी बाहेर आलो. पश्चिमेला, झाडांच्या शेंड्यांच्या वर, शुक्रासारखा ठसठशीत दिवा वर चढत होता. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, लुकलुकणं नाही, आवाज नाही. दोघांमध्ये सातशे किलोमीटर अंतर आणि दोघांच्या डोळ्यांसमोर एकच दिवा. महाराष्ट्र एक्स्प्रेसला पुण्याहून गोंदियाला यायला एक रात्र आणि जवळजवळ दुसरा सगळा दिवस लागतो. त्या दिव्याला तेवढ्या अंतरासाठी दीड मिनिट पुरतं. फोन कानालाच होता, पण आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढे मी शिकवायचो त्या शाळेतल्या पोरांना तो दिवा दाखवू लागलो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "सर, आतली माणसं दिसतील का?" मी त्यांना मैदानात नेऊन एका पोराच्या तळहातावर तांदळाचा दाणा ठेवायचो आणि बाकीच्यांना सत्तर फूट लांब उभं करायचो. स्थानक १०९ मीटर लांब, पण आपल्यापासून चारशे किलोमीटर वर. ते नेमकं डोक्यावर आलं तरी आपल्या डोळ्यांना त्या दाण्याएवढंच. दाण्याचा आकार तिथून कळत नाही, तसा स्थानकाचाही कळत नाही. त्याच्या मोठाल्या सौर पट्ट्यांवरून परतलेलं ऊन तेवढं आपल्यापर्यंत येतं. म्हणून ते दिसण्याची वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची. आपल्याकडे अंधार पडलेला असतो आणि तिथे वर अजून ऊन असतं.

सगळ्यात सुंदर काय असेल, तर त्याचं विझणं. पुष्कळदा ते क्षितिजापर्यंत जातच नाही. आभाळाच्या मध्यावर तांबूस होतं, मंदावतं आणि बघता बघता नाहीसं होतं. ढग नसतो, झाड आड आलेलं नसतं. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. ज्या मातीवर आपण उभे आहोत, तिचीच सावली चारशे किलोमीटर उंचीवर पडलेली आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. पोरं हे ऐकून पायाखाली बघायची.

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी हाका मारल्या. आभाळातून अग्नीच्या रेषा हळूहळू सरकत होत्या, विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी त्या पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीत, धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचं पुढे कळलं. १९७९ ची बांधी मला आठवली. वर पाठवलेलं कधीतरी खाली येतं, याची जबाबदारी पाठवणाऱ्यानं घ्यायलाच हवी.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात राहायला गेले. तिथे पोचलेले पहिले भारतीय. २६ जूनला ते आत गेले, १४ जुलैला निघाले. नेमका आमचा रोवणीचा काळ, आभाळ गच्च भरलेलं. वेळ आता फोनवर मिनिटासकट मिळत होती, पण ढग उघडले नाहीत. मी तरी प्रत्येक वेळेला अंगणात गेलो. सोळा-सतरा वर्षांचा असताना मला आभाळ मोकळं मिळालं होतं, वेळ कळत नव्हती. आता वेळ कळत होती, आभाळ मिळालं नाही. या खेपेलाही मी हात हलवला.

हे स्थानक कायमचं नाही. २०३० नंतर ते प्रशांत महासागरात उतरवायचं ठरलं आहे. चीनचं तियानगाँग आजही आपल्यावरून जातं, जरा मंद दिसतं. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलं आहे. तेही आपल्या बांध्यांवरून जाईल आणि ते पाहायला दुर्बीण लागणार नाही. अंधार मात्र लागेल. ठळक दिवा शहरातूनही दिसतो, पण तो सावलीत विरघळताना पाहायचा असेल तर काळंभोर आभाळच हवं. आमच्या गावांकडे ते भरपूर होतं. आता प्रत्येक चौकात आणि प्रत्येक अंगणात पांढरा दिवा रात्रभर जळतो.

म्हणून एवढंच मागणं आहे. फोनवर वेळ बघा, घरातल्या लहानांना बाहेर बोलवा आणि अंगणातला दिवा सहा मिनिटं बंद करा. वर माणसं राहतात ते घर जाताना त्यांना दाखवा.