मातीचे ऋण : ओव्हिएदो नगरी आणि तिचा खेळाडू

स्पेनच्या उत्तरेस, हिरव्या डोंगरांच्या कुशीत ओव्हिएदो ही आस्तुरियास प्रांताची राजधानी वसली आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा अल्फोन्सो याने आपले सिंहासन येथे आणले. सान्तियागोच्या समाधीकडे जाणारी सर्वांत जुनी यात्रावाट येथूनच निघते. नगरीजवळच्या नारांको टेकडीवर राजा पहिला रामिरो याने नवव्या शतकात बांधलेला दगडी प्रासाद अजूनही ताठ उभा आहे. १९८५ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

या नगरीला पडझड नवी नाही. येथील कॅथेड्रलमधील ‘कामारा सान्ता’ हे प्राचीन पवित्र दालन १९३४ च्या उठावात सुरुंगाने उद्ध्वस्त झाले. नगरीने ते पुन्हा उभारले. पडलेले पुन्हा उभे करण्याची हीच कथा येथील फुटबॉल संघाच्या वाट्यालाही आली.

सान्ती कासोर्लाचा जन्म १९८४ साली ओव्हिएदोलगतच्या ल्यानेरा येथे झाला. ‘रेआल ओव्हिएदो’ संघाच्या बालविभागात तो घडला. परंतु २००३ मध्ये संघ कर्जात बुडाला, खेळाडूंचे पगार थकले आणि संघाची थेट चौथ्या श्रेणीत घसरण झाली. मुख्य संघातून एकही सामना न खेळता कासोर्लाला व्हियारेआलची वाट धरावी लागली. पुढे स्पेनसाठी २००८ व २०१२ चे युरोपीय विजेतेपद आणि लंडनच्या आर्सेनलकडून एफ. ए. चषक, असे यश त्याच्या पदरी पडले.

२०१२ साली मूळ संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा होता. तेव्हा १०.७५ युरोचा एकेक समभाग विक्रीस निघाला. सामान्य चाहत्यांनी जगभरातून भाग घेतले, कासोर्लानेही घेतले. नफ्याची आशा कोणालाच नव्हती. बुडत्या पेढीला आप्तांनी हात द्यावा, तसे ते भांडवल होते.

नियतीने मग त्याचीच परीक्षा पाहिली. २०१६ नंतर घोट्याच्या जखमेत जंतुसंसर्ग शिरला, टाचेच्या शिरेचा काही सेंटिमीटर भाग नष्ट झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. मुलासोबत बागेत चालता आले तरी समाधान माना, असे डॉक्टरांनी सांगितले. घोट्यावर त्याच्याच हाताची त्वचा बसवण्यात आली. त्या त्वचेवर लेकीचे नाव गोंदलेले होते, आणि ते नाव आहे ‘इंडिया’! २०१८ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला.

२०२३ साली, अडतिसाव्या वर्षी, तो ओव्हिएदोत परतला. नियमांनी सक्तीचे असलेले किमान वेतनच त्याने स्वीकारले आणि आपल्या नावाच्या सदऱ्यांच्या विक्रीतील दहा टक्के वाटा बालविभागाला द्यावा, अशी इच्छा व्यक्त केली. ज्या अंगणात आपण घडलो, त्याच अंगणात पुढची मुले घडावीत, हा त्यामागील हेतू.

२१ जून २०२५ रोजी मिरांदेसविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ओव्हिएदो संघ पिछाडीवर असताना चाळिशीच्या कासोर्लाने पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळेत ३–१ असा विजय झाला, आणि चोवीस वर्षांनी संघ स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत परतला.

परगावी पेढी थाटून नावलौकिक मिळवणाऱ्या घरांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धनाने देणी फिटतात; मातीचे ऋण मात्र परतून, तिच्या लेकरांसाठी काही ठेवूनच फेडावे लागते.