पडद्यावरचा सारीपाट

ग्रंथपरीक्षणाची एक शिस्त मराठी वाचकांच्या अंगवळणी पडलेली आहे. कादंबरीला चाल लावता येत नाही म्हणून तिला कोणी नापास करीत नाही, आणि भावगीतात कथानक नाही अशी तक्रारही कोणी करीत नाही. ज्या त्या प्रकाराला त्याचाच गज लावावा, हे आपण वाङ्मयापुरते केव्हाच मान्य केले आहे. परंतु संगणकावरील आणि मोबाईलवरील खेळांचा विषय निघाला की हीच सुजाण मंडळी एकच शेरा मारून मोकळी होतात : "सगळे सारखेच, पोरांना वाया घालवणारे!"

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहो. शेरा मारण्यापूर्वी निदान कागद उघडून पाहावा, एवढे वळण नोकरीने आम्हांस लावले आहे. म्हणून खुर्सीपारच्या आमच्या दोन खोल्यांत, रात्रीची जेवणे उरकल्यावर, आम्ही निरनिराळ्या जातींचे खेळ स्वतः खेळून पाहिले. त्यांचा हा अहवाल सादर आहे.

आरंभ टेट्रिसपासून केला, याला थोडे स्थानमाहात्म्यही कारण आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्याच देशात, मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतील अलेक्सेई पाजित्नोव या संशोधकाने १९८४ साली हा खेळ रचला. चार-चार चौकोनांच्या सात आकृती वरून एकेक करून पडत राहतात. त्या फिरवून नीट बसवायच्या. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. शत्रू नाही, कथा नाही, बक्षीस नाही. आमच्या मेजावरील फायलींशी याचे साम्य पाहून हसू येते. निकालात निघालेले काम दिसेनासे होते, आणि चुकीच्या जागी पडलेले तेवढे शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहते! खेळ निर्मळ खरा. परंतु अंथरुणावर पडून डोळे मिटल्यावरही आकृती पडतच असतात, हा त्याचा दोष नोंदवला पाहिजे.

उड्यांच्या खेळांत जपानच्या शिगेरू मियामोतो यांचा १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आजही मेरुमण्यासारखा आहे. आरंभी सूचनेचे एक अक्षरही नाही. समोरून एक क्षुद्र शत्रू चालत येतो; उडी मारली नाही तर प्राण जातो. उडी मारावी तर डोके वरच्या पेटीवर आपटते, आणि पेटीत काही असते हे कळून येते. पहिल्या मिनिटातच खेळाचे व्याकरण पाठ होते, आणि तरीही कोणी शिकवले असे वाटत नाही. शाळाखात्यातील मंडळींनी हा खेळ जरूर पाहावा.

युद्धाचे खेळ आम्ही थोड्या अढीनेच हाती घेतले. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. पुढे २०२१ च्या जुलैत त्याच धर्तीचा बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया आला. शंभरापर्यंत खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, शस्त्रे वेचतात, आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जाऊन अखेरीस एकच चमू उरतो. जाहिरातीत वीररस असला तरी खेळात भयानकच अधिक. बहुतेक वेळ गवतात पडून पावलांचा कानोसा घेण्यात जातो. चौघे मित्र मलमपट्ट्या वाटून घेतात, यात सख्य आहे, हे नाकारता येणार नाही. मोठा दोष निराळाच आहे. आईने हाक मारली असता मुलाला मध्येच उठता येत नाही. उठला की तिघे मित्र उघडे पडतात!

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. राजी ही खेळ करून दाखवणारी पोर. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा उलगडते; भिंतींवरील चित्रे पुराणे सांगतात. लढाया एकसुरी होतात आणि शेवट घाईचा आहे. तथापि खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणारी ती कोल्हाट्याची विद्या पाहताना, हे आपल्या घरातले आहे, असा आनंद होतो.

आणि मग आमच्याच धंद्याचा खेळ भेटला! लुकस पोप यांच्या २०१३ च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये आपण एका कल्पित राज्याच्या सीमेवरील कारकून असतो. पारपत्रे तपासून शिक्का मारायचा. नियम रोज बदलतात. जितकी माणसे बिनचूक निकालात काढावी तितका पगार. त्यातूनच घरभाडे, अन्न आणि ऊब. एका माणसाचे कागद चोख असतात. पाठोपाठ त्याची बायको येते. तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नाही. शिक्का आपल्या हाती असतो. कचेरीतली कोणतीही नियमपुस्तिका हा प्रसंग इतक्या उघडपणे आमच्यापुढे मांडीत नाही. करुणरसाची ही पायरी ज्या खेळाने गाठली, त्याला पोरखेळ कसे म्हणावे?

एका जातीला मात्र आम्ही या पंगतीत पाट मांडला नाही : पैसे लावून खेळायचे खेळ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ते निषिद्ध केले; स्पर्धेचे आणि करमणुकीचे खेळ त्यातून निराळे ठेवले. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. धर्मराजाचे राज्य गेले ते सारीपाटामुळे नव्हे, पणामुळे.

हे आम्ही तात्त्विक चर्चेसाठी लिहीत नाही. आमचे शेजारी कारखान्यात रुळांच्या मिलमध्ये आहेत. त्यांच्या थोरल्याने पत्त्यांच्या अशाच एका खेळात घरातली सारी शिल्लक घालवली. तेव्हापासून तेरा वर्षांच्या धाकटीच्या हातीही मोबाईल द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. अंधार पडल्यावर तिला अंगणाबाहेर पाठवत नाहीत. तिचा खेळ म्हणावा तर तेवढाच. "बाबूजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा," असे म्हणून ते आमच्या ओट्यावर बसले.

आम्ही तीन प्रश्न पुढे ठेवले. खेळात पैसा लागतो काय? हाक मारली असता उठता येते काय? आणि उठताना मूल रिते उठते, की काही घेऊन? मुलगी टेट्रिस खेळत होती. त्यांनी बराच वेळ नुसते पाहिले. उत्तर असे दिले नाही. मग बोट पुढे करून म्हणाले, "ती लांब पट्टी उभी कर. त्या फटीत बसेल."

पोरीने बसवली. चार ओळी एकदम नाहीशा झाल्या.